तारण काय?

परवा वडूजच्या एस.टी. स्टँडवर ढगळ टी-शर्ट आणि उलट्या टोप्या घातलेली चार पोरं उभी होती. हा पेहराव रॅप गाणाऱ्यांचा. मला आठवला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला डेमंड जॉन.

'रन-डीएमसी' ज्या हॉलिस वस्तीतून पुढे आले, तिथलाच हा कृष्णवर्णीय तरुण. शिलाई आईने शिकवलेली. शेजाऱ्याला हाताशी धरून त्याने लोकरी टोप्या शिवल्या आणि दहा-दहा डॉलरला रस्त्यावर विकल्या. एका दिवसात 800 डॉलर! आपल्या पोरांच्या पैशावर कंपन्या पोसतात, पण गिऱ्हाईक म्हणून त्यांना मान देत नाहीत, ही त्याची सल. म्हणून नाव ठेवलं 'फुबू'. आमच्यासाठी, आम्हीच केलेलं.

पुढे मागणी आली, भांडवल नव्हतं. 27 बँकांनी परत पाठवलं. अखेर आईने घर गहाण टाकून एक लाख डॉलर उभे केले आणि त्याच घरात शिलाई यंत्रं मांडली.

मीही बँकेतच होतो. एका शिंप्याच्या पोराला 'तारण काय?' असं मीही विचारलं आहे. त्याने पिशवीतून शर्टांचे नमुने काढले; मी ते उलगडूनही पाहिले नाहीत. कर्ज नियमात बसत नव्हतं, खरं. पण कापड हातात घ्यायला कुठला नियम आड येत होता?

स्टँडवरच्या एका पोराच्या पाठीवर ठसठशीत 'खटाव' छापलं होतं.

"कुठं केलंस हे?"

"हितंच, घरात."

"आणि भांडवल?"

"आईच्या बचत गटाचं, आजोबा."

मी बाहीची कड चिमटीत धरून पाहिली. शिलाई पक्की होती.