स्वस्त 'डीएल' पासिंगची डिझेल कार इथे कितीला पडते?

सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात दिल्ली किंवा हरियाणा पासिंगची डिझेल कार आली, की आधी तिचा भाव डोळ्यांत भरतो. एमएच ११ किंवा एमएच १० च्या तशाच गाडीपेक्षा ती स्वस्त असते. का, याचे उत्तर दिल्लीत आहे.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना पंपावर इंधनही देऊ नये, असा आदेश निघाला. तो काही दिवसांतच थांबवावा लागला आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने मालकांना दिलासाही दिला. पण तोवर धास्तावलेल्या मालकांनी मिळेल त्या भावाला गाड्या काढल्या होत्या. आपल्याकडे खासगी गाडीला दहा वर्षांची अट नाही. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. त्याचे शुल्क ५ हजार रुपये, आणि वीस वर्षांपुढे १० हजार.

मग गाडी घ्यायला हरकत काय? हिशेब पुरता करावा, एवढीच. परराज्यातील गाडीला इथे रस्ता कर नव्याने भरावा लागतो आणि महाराष्ट्रात डिझेलचा दर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. गाडीचे वय पाहून रक्कम कमी होते, माफ होत नाही. ती आरटीओतून काढून घ्या, मगच सौदा बोला. 'एनओसी आहे' या शब्दावर विसंबू नका. ती कोणत्या आरटीओच्या नावे आहे, कर्जाचा बोजा उतरला आहे का, ई-चलन थकले आहे का, हे वाहन पोर्टलवर नंबर टाकून पाहता येते. चासी नंबर मात्र गाडीवरच वाचावा.

दुसरा धोका दिल्लीचा नाही, आपल्याच कृष्णेचा आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात सांगलीत असंख्य गाड्या पाण्यात होत्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येऊ शकतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटखालचे रूळ, स्टेपनीची जागा, फ्यूज बॉक्सची टोके गंजली आहेत का पाहा. आत सुगंधाचा मारा असेल तर कार्पेट उचलाच. विम्याच्या जुन्या दाव्यांची माहिती मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर तेही उत्तरच समजा.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहा. आधीच तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. सतत काळा धूर म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या मार्गातील दोष. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण सैल करा. जोरात धूर फुसफुसत असेल तर रिंग-पिस्टनचे काम जवळ आले. गाडी चढावर चालवा. सातारकरांना यवतेश्वरचा घाट हाताशी आहे. सांगलीकरांनी चार माणसे बसवून हायवेवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर तपासावा. किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहा, कारण तो मागे फिरवता येतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून लांब धावावी लागते. घर ते एमआयडीसी एवढीच रोजची धाव असेल, तर फिल्टर तुंबून मोठा खर्च निघतो. अशांनी सरळ पेट्रोल घ्यावी.

शेवटची गोष्ट विकणाऱ्यासाठीही आहे. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करून गाडी देण्याची सवय इथे जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले, की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक. गाडी चार हात फिरून अपघात झाला, तरी भरपाईची नोटीस त्याच्याच दारात येते.