पंजाब मेलच्या पलीकडचे मूस

चाळीसगावात केकी मूस यांचे नाव काढा, समोरचा माणूस आधी पंजाब मेलची गोष्ट सांगतो. मुंबईला राहिलेली प्रेयसी, 'मी येईन' हा तिचा शब्द, आणि रोज रात्री गाडीच्या वेळेला दारे-खिडक्या उघडून तिची वाट पाहणारा पारशी कलावंत. गोष्ट रंगते, ऐकणारा हळहळतो आणि चहा पिऊन उठतो. मूस यांनी केले काय, हे विचारायचे राहूनच जाते.

१९१२ साली जन्मलेले मूस विलायतेत कलेचे शिक्षण घेऊन चाळीसगावी परतले. स्टेशनजवळच्या आपल्या घरात ते जे शिरले, ते ३१ डिसेंबर १९८९ रोजी देह ठेवीपर्यंत क्वचितच बाहेर पडले. ही जवळजवळ पन्नास वर्षे नुसती वाट पाहण्यात गेलेली नाहीत. चित्रे, शिल्पे, मातीकाम, छायाचित्रे असा त्यांचा पसारा होता. नाव झाले ते 'टेबलटॉप' छायाचित्रणाने. या प्रकारात सगळे जग टेबलावर उभे करायचे असते. काचेच्या तुकड्याचे तळे करायचे, कापसाचे धुके आणि काडीचे झाड. मग दिवा असा धरायचा की फोटोत मैलभर लांबीचे दृश्य दिसावे. कॅमेऱ्याइतकीच इथे चित्रकाराची नजर लागते. घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने डोंगर-समुद्र घरातच घडवावेत, ही खरी नवलाची गोष्ट. पंजाब मेल तिच्यापुढे फिकी आहे.

दंतकथेने कलावंत झाकून टाकायची खोड आपल्यालाच आहे असे नाही. हैतीचा एक्तोर इप्पोलित कुठल्या चित्रशाळेत गेला नव्हता. तो वूडू पंथाचा पुरोहित होता आणि कोंबडीच्या पिसांनी रंग लावायचा. आंद्रे ब्रेतोंसारख्या फ्रेंच कवीने त्याची चित्रे विकत घेतली. १९४८ साली तो वारला. पुढे त्याच्या रंगसंगतीपेक्षा मंत्रतंत्राची आणि पिसांचीच चर्चा अधिक झाली. कलावंताच्या विक्षिप्तपणाचे कौतुक करायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात.

मूस यांचे काम पाहायला मात्र डोळेच हवेत, आणि त्यासाठी फार लांब जायचे नाही. त्यांचा संग्रह चाळीसगावातच जपलेला आहे. जळगाव-धुळ्याच्या शाळांच्या सहली दरवर्षी पाटणादेवीला आणि अजिंठ्याला जातात. पाटणादेवीची वाट तर चाळीसगावावरूनच जाते. चित्रकलेच्या शिक्षकांनी त्या दिवशी तासभर गाडी थांबवावी, मुलांना एकेका फोटोसमोर उभे करावे आणि 'हे कशाचे केले असेल?' एवढेच विचारावे. प्रेमकथा त्यांना गावात कोणीही सांगेल.