आधी प्यादे, मग वजीर

2025 च्या नोव्हेंबर महिन्यात बार्देशातील हडफडे येथे बुद्धिबळाची विश्वचषक स्पर्धा भरली, देशोदेशींचे 206 खेळाडू त्या निमित्ताने गोव्याच्या भूमीवर उतरले, आणि अखेरीस उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोव या 19 वर्षांच्या तरुणाने विश्वनाथन आनंद यांच्या नावाचा चषक जिंकला, तेव्हापासून शापोरा नदीपलीकडच्या पेडण्यात आणि पूर्वेकडच्या डिचोलीत आईबापांच्या बोलण्यात हा खेळ वारंवार येऊ लागला आहे. या उत्साहाला आधारही आहे. अनुराग म्हामल 2017 साली गोव्याचे पहिले ग्रँडमास्टर झाले. लिऑन मेंडोंसा यांनी वयाची 15 वर्षे पुरी होण्याआधीच त्या किताबाच्या अटी पुऱ्या केल्या. आणि 2022 साली चेन्नईच्या ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघात भक्ती कुलकर्णी होत्या.

माझे म्हणणे शिकवण्याच्या क्रमाविषयी आहे. सिसिलियन बचावाच्या पंधरा-पंधरा चाली मुखोद्गत असलेला मुलगा, मोठी मोहरी मारली जाऊन पटावर दोन राजे आणि मूठभर प्यादी उरली की बावरतो, आणि जिंकलेला डाव बरोबरीत सोडून उठतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की हा क्रमच उलटावा असे माझे ठाम मत झाले आहे. ज्याच्या पुढे किंवा शेजारच्या दोन पट्ट्यांत वाट अडवणारे प्रतिपक्षाचे प्यादे उरलेले नाही, त्या मोकळ्या प्याद्यापासून, ज्याला क्लासांतून पास्ड पॉन म्हणतात त्यापासून, शिक्षणाचा आरंभ व्हावा. क्युबाचे जगज्जेते कापाब्लांका यांनीही 1921 सालच्या आपल्या पाठ्यग्रंथाचा प्रारंभ एकट्या राजावर मात करण्याच्या रीती आणि प्याद्यांचे साधे शेवट यांनीच केला होता.

एका चवथीला, आरत्या आटोपून मंडळी पंगतीची वाट पाहत असता, पेडण्यातील आप्तांच्या सोप्यावर मी माझ्या अकरा वर्षांच्या भाच्यापुढे पट मांडला. डावीकडच्या तीन लगतच्या पट्ट्यांत पांढऱ्याची तीन प्यादी पाचव्या ओळीवर, त्यांच्यासमोर काळ्याची तीन आपापल्या मूळ घरांत, मध्ये एक ओळ मोकळी, आणि दोन्ही राजे दूर उजव्या कोपऱ्यात, चाल पांढऱ्याची. "मामा, ह्यात काय आहे? बरोबरीच की," असे म्हणून त्याने दोनदा राजा हलवून पाहिला, दोनदा परत ठेवला, आणि नेवऱ्यांचे ताट समोर आले तरी त्याची मान वर झाली नाही. मग त्याने मधले प्यादे एक घर पुढे सारले आणि त्यावरचे बोट न उचलता माझ्याकडे पाहिले. ते प्यादे फुकट मरते, हे त्याला दिसत होते; पण काळ्याने ते डावीकडच्या प्याद्याने मारले तर आपण उजवीकडचे पुढे सारावे, तेही काळ्याने मधल्याने मारले की डावीकडच्या पट्टीत आपल्या उरलेल्या प्याद्यापुढे कोणीच राहत नाही; आणि पहिले बलिदान काळ्याने उजवीकडून घेतले तर हाच क्रम आरशातल्यासारखा उलटा घडतो. तिनांतली दोन देऊन तिसऱ्याचा वजीर होतो. मग तीच मांडणी कायम ठेवून मी पहिली चाल काळ्याला दिली, तेव्हा काळ्याचे मधले प्यादे एक घर पुढे सरकताच सारा मार्ग बंद झाला, आणि एका चालीची पाळी केवढी मोलाची असते हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. पंगतीला तो तिसऱ्या हाकेला उठला.

याच बीजाचा विस्तार थोरांच्या डावांत दिसतो. 1933 साली माद्रिद येथे ओर्तुएता यांच्याविरुद्ध सांझ यांनी एका प्याद्यासाठी हत्ती देऊन शत्रूचा घोडा बाजूला ओढला, पुढचे प्यादे दामटले, पांढऱ्याने उंट मारला तो परत घेण्याऐवजी त्याच पट्टीतले मागचे प्यादे एक घर सारून घोड्याच्या परतीचे घर रोखले, आणि आडवा येऊ पाहणाऱ्या हत्तीला कडेच्या प्याद्याने हुसकले. एवढे सैन्य हातचे घालवूनही डाव त्यांनीच जिंकला.

परंतु मला सर्वांत प्रिय आहे ती 1895 ची साव्हेद्रा यांची चाल. ग्लासगोच्या एका वृत्तपत्रातील बुद्धिबळाच्या सदरात एक स्थिती बरोबरीची म्हणून छापली गेली होती: पांढऱ्याचा राजा आणि एक प्यादे, समोर काळ्याचा राजा आणि हत्ती. काळा हत्ती शहामागून शह देतो, पांढरा राजा एकेक घर उतरत त्यांतून सुटतो, आणि प्यादे शेवटच्या घरात पोचून वजीर झाले की काळा आपला हत्ती त्या वजिराच्या तोंडी देतो. तो मारताच कोपऱ्यातल्या काळ्या राजाला शह नसताना एकही चाल उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. त्या नगरीत वास्तव्यास असलेल्या फर्नांदो साव्हेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूंनी ते सदर वाचले आणि प्याद्याचा वजीर न करता हत्ती करावा असे सुचवले. मग काळ्याची ती पळवाट बंद होते, आणि पुढच्याच चालीत पांढरा राजा अशा घरी येतो की काळ्याला एक तर हत्ती गमवावा लागतो, नाहीतर मात घ्यावी लागते. आपल्याकडील जुन्या देशी खेळात प्यादे ज्या घरात पोचे त्या घरचे मोहरे होई. त्या नियमाने साव्हेद्रांचे प्यादे उंटाच्या घरात जाऊन उंटच झाले असते, आणि एकट्या उंटाने मात होत नाही.

हे सारे मराठीतून सहज सांगता येते, हे पेडणे-डिचोलीतील वाचकांना मी मुद्दाम सांगतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे दोन्ही महाल नव्या काबिजादीत सामील होऊन पोर्तुगिजांच्या अमलाखाली गेले, तरी येथल्या शाळांतून आणि देवळांतून मराठी टिकून राहिली. मराठी अमदानीत सरकारी हुकूम घेऊन गावोगाव फिरणारा तो प्यादा. पोर्तुगीज भाषेत पायदळाचा शिपाई आणि पटावरचे प्यादे या दोहोंना एकच शब्द, पिआंव. आणि त्याच शब्दावरून इंग्रजांच्या कचेऱ्यांत प्यून आला. संस्कृतातला पदाति धरला तर हे सारे शब्द 'पाय' या एकाच मुळाचे आहेत. ज्या मुलखात हा शब्द इतक्या वाटांनी आला, तेथल्या मुलाला हे ज्ञान परक्या भाषेतून घोकावे लागू नये.

म्हणून दोन विनंत्या करतो. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील मराठी शाळांनी आठवड्यातील एक तास राखून ठेवावा आणि त्यात पहिले वर्षभर राजे आणि प्यादी यांखेरीज काहीही पटावर मांडू नये. यासाठी खर्चाची मोठी तरतूद लागत नाही, चार पट पुरतात. आणि गोव्यातील मराठी वृत्तपत्रांनी रविवारच्या अंकात प्याद्यांची एक स्थिती छापावी, कारण साव्हेद्रांची चाल अशाच एका सदराच्या वाचकाला सुचली होती. पहिल्या रविवारी वर सांगितलेली तीन-तीन प्याद्यांची स्थितीच द्यावी, आणि तिचे उत्तर पुढच्या रविवारपर्यंत छापू नये.