रचनाकाराचा शब्द अखेरचा काय?

संगीतरचनेचा कर्ता स्वतःच थोर वादक असून त्याचें वादन ध्वनिमुद्रित झालेलें असेल, तर तीच कृति वाजविण्याची खटपट इतरांनीं कां करावी, असा प्रश्न कित्येकांस पडतो. आपला गवई राग स्वबुद्धीनें फुलवितो. पाश्चात्य पद्धतींत तर स्वर आधींच लिहिलेले असतात. तेव्हां हा प्रश्न प्रथमदर्शनीं बिनतोड दिसतो.

रशियन संगीतकार सर्गेई राखमानिनॉफ यांच्या दुसऱ्या पियानो कन्सर्टोचें, म्हणजे पियानो व वाद्यवृंद यांच्या संवादात्मक रचनेचें, उदाहरण घेऊं. १८९७ सालीं त्यांची पहिली सिंफनी सपशेल पडली व त्यांची लेखणी जवळजवळ थांबली. डॉक्टर निकोलाय डाल यांच्या उपचारांनीं धीर आल्यावर त्यांनीं ही कृति लिहिली आणि डॉक्टरांसच अर्पण केली. १९०१ मध्यें मॉस्को येथें ती प्रथम संपूर्ण सादर झाली, तेव्हां पियानोवर ते स्वतःच होते. १९२९ सालीं स्टोकोव्स्की यांच्या फिलाडेल्फिया वाद्यवृंदासह त्यांनीं ती ध्वनिमुद्रित केली. तीस वर्षांनीं, १९५९ मध्यें, स्वियातोस्लाव रिख्टर यांनीं वॉर्सा येथील वाद्यवृंदासह तीच कृति मुद्रित केली.

दोन्ही मुद्रणें पाठोपाठ ऐकावीं. आरंभीं एकटा पियानो घंटानादासारखे गंभीर स्वरसमूह वाजवितो. रिख्टर ते इतके सावकाश वाजवितात कीं, श्रोत्याचा श्वास रोखला जावा. राखमानिनॉफ तेथें रेंगाळत नाहींत. पुढें व्हायोलिनें करुण सुरावट गाऊं लागतात, तेव्हांही ते चालत राहतात. तिला अश्रूंनीं भिजवीत नाहींत. त्या काळीं तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटेंच मावत, म्हणून त्यांनीं घाई केली, असें कोणी म्हणतील. परंतु अधिक बाजू घेण्यास अडचण नव्हती. आणि त्यांच्या वादनांत धांदल नसून निश्चय ऐकूं येतो.

मग रिख्टर यांनीं कर्त्याची आज्ञा मोडली काय? माझ्या मतें नाहीं. ते स्वरसमूह अतिमंद ध्वनींतून क्रमानें वाढत प्रचंड व्हावेत, असें स्वरलिपींत कर्त्यानेंच लिहिलें आहे. ही वाढ रिख्टर पायरीपायरीनें स्पष्ट करितात. कर्त्यानें वादक म्हणून एक वाट दाखविली. लेखक म्हणून त्यानें अधिक वाटा मोकळ्या ठेविल्या. मात्र जो विलंब लेखांतील एखादें मर्म उघड करितो तोच क्षम्य होय. केवळ गहिंवर वाढविण्यासाठीं केलेला विलंब हा दोषच. भावपूर्ण सुरावटीविषयीं मला स्वतःस राखमानिनॉफ यांचा संयमच अधिक मोलाचा वाटतो.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, “कोणाचें वादन श्रेष्ठ?” असें विचारण्यापूर्वीं “येथें हा वादक कां थांबला आणि तो कां थांबला नाहीं?” असें विचारा, व उत्तर त्या लिखित स्वरांत शोधा. त्या शोधांत कृति स्वतः आपणांस कळूं लागते.