नाव होण्याआधीची बॅट

पुण्याच्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ या क्रिकेट संग्रहालयात गेलो की कोऱ्या, सही केलेल्या बॅटींपाशी मी फारसा रेंगाळत नाही. रोहन पाटे यांनी मोठ्या निगुतीनं जमवलेला हा ठेवा 2012 मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते खुला झाला. माझे डोळे तिथं खेळून झिजलेली बॅट शोधतात. पात्यावर चेंडूचे लालसर डाग, क्रीजमध्ये ठोकून ठोकून खडबडीत झालेलं टोक, कडेची उडालेली ढलपी, जवसाचं तेल पिऊन काळवंडलेलं लाकूड. सही काय, दुकानातल्या बॅटवरही होते!

त्यातही खेळाडूचं नाव होण्याआधीची वस्तू हाती लागणं सर्वांत अवघड. डॉन ब्रॅडमनचंच बघा. 1928 मध्ये ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत त्यानं 18 आणि 1 धावा केल्या, आणि पुढच्या कसोटीतून त्याला वगळलं. त्या मोसमात मिळालेली त्याची हिरवी टोपी 2020 च्या डिसेंबरमध्ये साडेचार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला विकली गेली. संघाबाहेर बसवलेल्या पोराची टोपी त्या दिवशी कुणी जपून ठेवा म्हटलं असतं?

सचिननं मात्र आपल्या पोरवयाचा एक ठेवा स्वतःच जपला. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. जो गोलंदाज सचिनला बाद करील, त्याला ते नाणं. शेवटपर्यंत कुणालाच जमलं नाही तर ते सचिनचं. अशी तेरा नाणी त्याच्याकडे आहेत. बाजारात रुपयाच किंमत असलेली ती नाणी त्याला फार मोलाची वाटतात, आणि ते मला पूर्ण पटतं.

आमच्या नेवाशापासून तासाभराच्या वाटेवर श्रीरामपूर आहे. झहीर खान तिथला. 1978 चा जन्म, शाळाही तिथलीच. पुढे मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लब, चेन्नईची एमआरएफ अकादमी, बडोद्याकडून रणजी, आणि 2000 च्या ऑक्टोबरात भारतीय संघातून नैरोबी. तिथं त्याच्या यॉर्करनं स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवला तेव्हा श्रीरामपूरचं नाव घराघरांत पोहोचलं. कसोटीत 311 बळी घेणाऱ्या या माणसाच्या श्रीरामपुरातल्या दिवसांचं काय उरलं असेल, हा प्रश्न मला छळतो. फलंदाजाची बॅट निदान माळ्यावर तरी पडून राहते. गोलंदाजाचा चेंडू सामना संपला की नेटमध्ये जातो आणि शिवण उसवेपर्यंत तिथंच झिजतो. बूट तर तळवा फाटला की उकिरड्यावर.

दोष कुणाला द्यायचा? माझ्या थोरल्या भावाची बॅट आमच्या घरी कित्येक वर्षं धोपाटणं म्हणून वापरली गेली. आईनं तिच्यावर गोधड्या बडवल्या. तालुक्याच्या स्पर्धेत त्याच बॅटनं भावानं सामना काढून दिला होता, हे घरात फक्त मला आठवत होतं, आणि मी बोललो नाही. पुढे मूठ निखळली, वेताच्या पट्ट्या सुटल्या आणि पातं बंबात गेलं. ती रुखरुख अजून आहे.

अमेरिकेत बेसबॉलच्या बॅटी जमवणारे जुन्या छायाचित्रातल्या लाकडाच्या रेषा हातातल्या बॅटशी ताडून बघतात. रेषा जुळल्या तर ती खरी. आपल्या तालुक्याच्या मैदानांवर तेव्हा कॅमेरा कुठला? आपल्याकडे पुरावा एकच: पाहिलेल्या माणसाची आठवण आणि स्कोअरबुकातली पेन्सिलीची ओळ.

नेवाशाला हे कळायला हवं. आमच्याकडचा पैस खांब मुळात एका देवळाचा साधा दगडी खांब. त्याच्यावरचा कोरीव लेखही दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. त्याला टेकून पंधरा वर्षांच्या ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, ते साल 1290. ‘ते इथंच टेकून बसले होते’ एवढं एक वाक्य या गावानं तोंडातोंडी सातशे वर्षांहून अधिक काळ सांभाळलं, म्हणून आज त्या खांबापुढे माणसं हात जोडून उभी राहतात. झहीरची ज्ञानदेवांशी तुलना कुणी करणार नाही, मीही करत नाही. पण वस्तू जपायची रीत आमच्या गावाला ठाऊक आहे, एवढंच म्हणतो.

म्हणून श्रीरामपूर, नेवासा, राहुरीकडच्या वाचकांना हात जोडून विनंती. 1990 च्या आसपासची स्कोअरबुकं, उसवलेले चेंडू, जुने पॅड घरात असतील तर यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. सुती फडक्यात गुंडाळा, ओलीपासून लांब ठेवा. आणि आत एक चिठ्ठी घाला: कोण खेळलं, कुठल्या मैदानावर, कुणाविरुद्ध, आणि हे कुणी पाहिलं. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई पसरते.