चप्पल नैतिक झाली, चांभार कुठाय?

सांताक्रूझ पश्चिमेला लिंकिंग रोडनं एक चक्कर मारा. काचेमागं कपडे, चपला, झोळ्या. कित्येकांना पुठ्ठ्याची चिठ्ठी लटकवलेली: हातानं बनवलेलं, नैसर्गिक रंग, धरतीवर प्रेम. धरतीवर यांचं भारीच प्रेम. कापूस कुठला, पाणी किती वाचलं, सगळं चिठ्ठीवर असतं. शिवणाऱ्या बाईला नगामागं किती दिले, ते मात्र नसतं. रेल्वे ओलांडून पूर्वेला गोळीबार-वाकोल्याकडं या. तिथं बाया दारात बसून धागे कापतात, बटणं लावतात. त्यांना विचारा, त्या सांगतील.

या चळवळीचं नाव एथिकल फॅशन. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, अकराशेच्या वर कामगार चिरडून मेले. तेव्हापासून जगभर विचारतात, माझे कपडे कोणी बनवले? सवाल चांगला आहे. मी त्याची टर उडवत नाही. पण आपल्या देशात शिरला की तो अर्धाच उरतो. इथं कोणी काय बनवायचं, हे आईच्या पोटातच ठरवून ठेवलेलं होतं. जात विचारल्याशिवाय इथं 'कोणी बनवलं' याचं उत्तर मिळत नाही, आणि नैतिकवाले नेमकी तीच विचारत नाहीत.

कोल्हापुरीचंच बघा. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा कंपनीनं कोल्हापुरीच्या घडणीची चप्पल मिरवली आणि नाव दिलं नुसतं लेदर सँडल. मग महाराष्ट्रात बोंब उठली. अस्मिता दुखावली म्हणे. कुणाची? ज्यांच्या घरात चांभाराला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्यांची. 'कोल्हापूरची शान', 'मराठी मातीचा वारसा' असा नुसता गजर झाला. या वारशाचे वारसदार ढोर आणि चांभार आहेत, हे म्हणताना मात्र यांची जीभ अडखळते.

ही चप्पल होते कशी? ढोरानं कातडं चुन्यात घालायचं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमवायचं. चांभारानं कापायचं, ठोकायचं. घरातल्या बाईनं वेणी घालायची. कातड्याच्याच वादीनं शिवायचं, लोखंडी खिळा नाही. आज साहेब लोक ज्याला सस्टेनेबल म्हणून डोक्यावर घेतात ते हेच. आणि नेमक्या ह्याच कामासाठी या माणसांना गावानं कडेला ठेवलं. चुन्याच्या खड्ड्यात हात घालणाऱ्याचा विटाळ, अन् त्याच खड्ड्यातून निघालेली चप्पल पाटलाच्या पायात कर्रकर्र वाजत देवळाच्या पायरीपर्यंत जाणार!

2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आले. नोंद दोन सरकारी महामंडळांच्या नावावर: आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि तिकडचं लिडकर. डिसेंबर 2025 मध्ये याच दोघांशी प्राडानं करार केला. 2,000 जोड, एकेकाला सुमारे 800 युरो, असं जाहीर झालं. कोल्हापुरात हजार-दीड हजाराला मिळणारी चप्पल! ठीक. तो करार मराठीत अन् कानडीत छापा आणि चांभारवाड्यात मोठ्यानं वाचून दाखवा. आठशेतले किती ऐरणीवर बसणाऱ्याच्या हातात पडतात, एवढंच पाहिजे.

आणि वारसा-वारसा करणारे हे लोक मार्च 2015 मध्ये कुठं होते? बैलाच्या कत्तलीवर बंदी आली, कातड्याचा धंदा घायाळ झाला. 2016 मध्ये उन्याला मेलेली गाय सोलली म्हणून आपल्या पोरांना उघड्यावर फटके मारले. तेव्हा कुणाला हस्तकला आठवली नाही.

आता एक सापळा नीट बघून घ्या. 'परंपरा टिकली पाहिजे' म्हणणाऱ्यांना चांभाराचा पोरगा त्याच दगडावर बसलेला हवा असतो. फोटो चांगला येतो. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका म्हणून सांगितलं ते कशासाठी? ज्याला हे काम करायचंय त्याला पूर्ण दाम, नाव आणि म्हातारपणी पेन्शन. ज्याला सोडायचंय त्याच्या पोराला शाळा. दोन्ही पाहिजे.

तसंच 'जुनं वापरा, कमी घ्या' या उपदेशाचं. कुणाला सांगताय बाबांनो? मनूच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं मेलेल्यांचे कपडे घालावेत असा हुकूम आहे. पिढ्यान् पिढ्या आम्ही उतरलेलंच नेसलो. 1927 च्या डिसेंबरात महाडला ती पोथी जाळली, आणि बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, स्पृश्य बायका नेसतात तसं लुगडं नेसा, जात ओळखू येईल असं काही अंगावर ठेवू नका. आपल्यासाठी नवं कापड ही चैन कधीच नव्हती. म्हणून कपाटं ओसंडून वाहतात त्यांनी कमी करावं. आमच्या बायांच्या जयंतीच्या पांढऱ्या साडीचा हिशेब कुणी मागू नये.

पण आपल्यातलेही काही कार्यकर्ते म्हणतात, हे श्रीमंतांचं खूळ, आपल्याला काय त्याचं. चूक. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी फुगली, वाकोला नाला उलटा फिरला. नाल्याकाठी कोण राहतं? लिंकिंग रोडवर घेतलेलं पॉलिस्टर वर्षात चिंधी होतं, नाल्यात जातं नाहीतर देवनारला जातं. तिथं ते उपसायला कुणाचे हात? प्रश्न आपलाच आहे. फक्त तो त्यांच्या भाषेत मांडायचा नाही.

मांडायचा कसा, ते तामिळनाडूच्या पोरींनी दाखवलंय. जानेवारी 2021 मध्ये दिंडीगल जिल्ह्यात कपड्याच्या कारखान्यातल्या एका दलित मुलीचा खून झाला. वय 20. आरोप तिच्या सुपरवायझरवर. दलित बायांच्या पुढारपणाखालची युनियन, टीटीसीयू, उठली. परदेशातल्या संघटना जोडीला घेतल्या. एप्रिल 2022 मध्ये एच अँड एमसारख्या बलाढ्य कंपनीला बांधील करारावर सही करावी लागली. त्यात बाईवरच्या अत्याचाराबरोबर जातीच्या छळाचाही उल्लेख आहे. गिऱ्हाइकाला पाझर फुटला म्हणून हे झालं नाही. युनियन होती म्हणून झालं.

तेव्हा वाकोल्यातल्या पोरांनी आधी घरोघर जाऊन नगाचे दर एका वहीत उतरवावेत. काम कुठल्या मुकादमाकडून येतं, माल कुठल्या दुकानात जातो, तेही लिहावं. वही भरली की ती घेऊन, बायांना पुढं घालून, लिंकिंग रोडला जाऊ. चिठ्ठीवर जागा रिकामी आहे.