बिनकामाची वाट

मैत्रिणींनो, जुन्नर-आंबेगावच्या बायका काही कमी चालत नाहीत. सरपण, चारा, मजुरी, सगळं पायीच. पण शिवनेरीला जायचं म्हटलं की घरात विचारणा होते, 'तिकडं काय काम काढलंस?' शिवाईचं दर्शन सांगितलं तर परवानगी मिळते. नुसतं फिरायला, हे कारण कुणाला पटत नाही. उसातला बिबट्याही सगळ्यांना तेव्हाच आठवतो. पहाटे चारा कापायला धाडताना तो कुठे जातो, कोण जाणे!

म्हणून माझं म्हणणं, गटाची पुढची बैठक गडावरच घ्या. सात दरवाज्यांनी चढावं. शिवाई, गंगा-जमुना टाकी, शिवजन्मस्थान, कडेलोट असा फेरा होतो. १६३० साली जिजाबाई इथं बाळंत झाल्या, तेवढ्यापुरतीच बाईची आठवण गडावर निघते. तिथं बसून यावर जरूर बोला. उतरायला साखळीची वाट आहे, पण ती कातळात खोदलेल्या पायऱ्यांची, खडी. पावसाळ्यात तिकडे जाऊच नये. जिला धीर होत नाही तिला दरवाज्यांनीच परत आणा, आणि तिला हसू नका.

त्या दिवशी पोरं कोण सांभाळणार, हे घरच्या पुरुषांशी आधीच बोलून घ्या. विचारलं तर फिरायला जातोय म्हणून सांगा. शिवाईला मध्ये घालू नका.